अण्णांचा पट्टा

प्रिय बंड्या,

अण्णांचा काडतुसांचा पट्टा माझ्याकडे आलाय. काकूंनी जुन्या चादरीत गुंडाळून पाठवला, सोबत दोन ओळी: ‘कपाटात पडून वाळतोय. तुम्हा दोघांपैकी कोणीतरी कमरेला लावा.’ तेव्हापासून तो माझ्या टेबलावर आहे आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय. हिला सांगितलं, तर म्हणाली, "मग लावा की. नसेल आवडत तर नका लावू." एवढं सोपं असतं तर तुला पत्र कशाला लिहिलं असतं? माझ्या मागच्या पत्राला तू उत्तर दिलेलं नाहीस, त्यामुळे आपलं बोलणं बंद आहे असंच मी धरून चाललो होतो. आता नाइलाज झाला.

तब्येत बरी. गुडघा होता तसाच आहे.

तर पट्टा. निम्म्याहून जास्त घरं भरलेली होती. काडतुसं काढायला गेलो तर निघेनात, चामड्याला धरून बसलेली. एकेक पिळून काढलं, तर पितळेवर बरोबर जिथे चामड्याची पट्टी टेकते तिथे हिरवी कड. पार कळकलेली. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहतातच, वर घाम आणि दमट हवा, मग दुसरं काय होणार? अण्णांना हे ठाऊक नव्हतं असं तू म्हणणार नाहीस. परतल्यावर आधी पट्टा रिकामा करायचा, काडतुसं कोरड्या फडक्याने पुसून डब्यात घालायची, आणि मगच बूट काढायचे, हा छळ आपण दोघांनी किती वर्षं सोसला! तू एकदा बूट आधी काढलेस तेव्हा त्यांनी ते बाहेर फेकले होते. आणि त्यांचाच पट्टा भरलेला राहिला. म्हणजे त्या शेवटच्या खेपेला परतल्यावर त्यांच्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं, आणि त्यांनी ते आपल्यापैकी कोणाला कळू दिलं नाही. त्या हिरव्या कडा बघून मला काय झालं ते तुलाच कळेल. पुढे जातो.

काडतुसं मी सगळी बाद केली. पुसून जाणारा डाग वेगळा, पण काहींवर नखाला खड्डे लागत होते. अशा पितळी पुंगळीचा चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाला जिथे काडतूस बसतं तिथे, भरवसा नाही. चिकटून बसली तर नशीब, फाटली तर वायू तोंडावर. तेलाने घासून चालवून घ्यावीत असं तू म्हणशील, म्हणून आधीच सांगतो: तेल बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि काडतूस ऐन वेळी फुसकं निघतं. हा वाद आपण एकदा घातलाय आणि मी जिंकलोय.

पण पट्टा कळकला एवढंच असतं, तर काकूंना खोटं सांगून मोकळा झालो असतो. खरी अडचण मनूची आहे. तिचा परवाना झाला हे तुला कळलंच असेल. या हंगामात ती आपल्याबरोबर येणार, अण्णांची रायफल घेऊन. तिने फोनवर मला विचारलं, "काका, पट्टा तुम्ही लावणार की मी लावू?" मी म्हटलं, बघू. तेव्हापासून बघतोच आहे.

आता तू जरा हिशोब कर. मनूकडे अण्णांची .३०-०६ मापाची रायफल. माझी .३०८. तुझी लाडकी .२४३. गेल्या खेपेला तू एक डबा माझ्याकडे विसरून गेला आहेस (दरवेळी विसरतोस, माझं कपाट म्हणजे तुझं कोठार झालंय), त्यातलं एक काढलं, माझं एक घेतलं, मनूसाठी आणलेल्यातलं एक, आणि अण्णांच्या पट्ट्यात शेजारी शेजारी खोचली. तिन्ही फिट्ट. बसणारच. तिघांचंही बूड तेच, जेमतेम १२ मिलिमीटरचं. १९०६ सालचं काडतूस, १९५२ सालचं आणि १९५५ सालचं. पुंगळी आखूड झाली, मग मान आवळली, बूड मात्र कोणी बदललं नाही. पट्ट्याला काय कळणार कोण कोणाचं!

आणि रायफलीलाही कळत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. तुझं काडतूस माझ्या चेंबरमध्ये मुकाट जातं, चेंबर मागून बंद करणारा बोल्टही बसतो. चाप ओढला की सव्वासहा मिलिमीटरची गोळी पावणेआठच्या नळीतून भरकटत निघते आणि पुंगळीची मान फाटते. माझं मनूच्या रायफलीत गेलं तर याहून वाईट. पुंगळी १२ मिलिमीटरने आखूड, पुढे मोकळी जागा. पण बोल्टच्या नखाने बूड धरून ठेवलं की टोपी फुटते, आणि पितळ त्या मोकळ्या जागेत फुगून फाटतं. उलटं होत नाही, मनूचं माझ्यात शिरत नाही आणि माझं तुझ्यात. सगळी भीती धाकट्याने थोरल्याच्या घरात शिरण्याची. बुडावर नाव कोरलेलं असतं हे मलाही माहीत आहे. पहाटे, अंधारात, हातमोजे घातलेल्या बोटांनी ते वाचून दाखव मला.

इतकी वर्षं आपल्याला हा प्रश्न पडला नाही, कारण आपण तिघं काडतुसं तीन वेगळ्या ठिकाणी बाळगायचो. अण्णा पट्ट्यात, तू रायफलीच्या दस्त्यावरच्या इलॅस्टिकमध्ये, मी खिशात. एकमेकांना नावं ठेवत आपण अख्खे हंगाम काढले, आणि त्या नावं ठेवण्यामुळेच सरमिसळ कधी झाली नाही, असं मला आता वाटायला लागलंय. हे तुझ्या दस्त्यावरच्या इलॅस्टिकचं कौतुक समजू नकोस.

त्या इलॅस्टिकबद्दल माझं मत होतं तेच आहे. नवीन असतं तोवर घट्ट, दोन हंगामांत ढिलं. छऱ्याच्या काडतुसाला निदान बुडाशी कड तरी असते, ती अडते. आपल्या रायफलीच्या काडतुसाला बाहेर आलेली कड नाही, ते झुडपात घासलं की इलॅस्टिकमधून सटकतं आणि तुला घरी पोचल्यावर कळतं. पितळ उन्हात चमकतं ते वेगळंच. आणि दस्त्याला पाच काडतुसं म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम मागे लोंबकळतात, मग खांद्याला लावताना रायफल नेहमीची वाटत नाही. तुझं म्हणणं मला पाठ आहे: रायफल उचलली की काडतुसं आपोआप बरोबर आली, विसरायचा प्रश्न नाही, आणि दुसरी गोळी हवी असेल तेव्हा हात दहा बोटंसुद्धा हलत नाही. मान्य. दुसऱ्या गोळीच्या वेळी तुझ्याइतका चटपटीत माणूस मी पाहिलेला नाही. पण रायफल कपाटात जाताना ती काडतुसंही तिच्याबरोबर आत जातात की नाही? चिंगी लहान होती तेव्हा वहिनींनी यावरून तुझी जी खरडपट्टी काढली, तीत मी वहिनींच्या बाजूने होतो आणि आजही आहे.

खिशाचीही वकिली करतो, ऐक. उजव्या छातीवरचा खिसा, झाकण असलेला, त्यात फक्त तीन काडतुसं आणि दुसरं काहीही नाही. किल्ली नाही, सुटी नाणी नाहीत. मऊ शिशाचं टोक नाण्यांत घासून चपटं होतं, आणि खिशातला धूळ-कापूस पुंगळीला चिकटून थेट चेंबरमध्ये जातो. पँटच्या खिशात ठेवणाऱ्याला मी गाढव म्हणतो. बसलं की टोचतात, उठलं की सांडतात आणि चालताना किणकिणतात. हो, माझीही किणकिणायची, म्हणून तर मी त्यांच्यामध्ये कापडी पट्टी शिवून घेतली. त्या ओढ्याकाठच्या हरणाबद्दल पुन्हा सुरू करू नकोस. ते तुझ्या पाकिटाच्या वेल्क्रोने उधळलं. चर्रर्र असा आवाज मी स्वतः ऐकला. माझ्या शिंकेचा त्यात काही संबंध नव्हता, शिंक नंतर आली.

तरी गंमत बघ, मनूसाठी मी शेवटी काडतुसांच्या पाकिटावरच येऊन थांबलोय. वेल्क्रोचं नाही. घडीचं, बटणाचं, आत प्रत्येक काडतुसाला वेगळं कापडी घर असलेलं. काडतुसं एकमेकांवर आपटत नाहीत, पाऊस लागत नाही, झाकण उघडलं की किती राहिली ते दिसतं. कमरेला उजवीकडे, कारण बोल्ट उजव्या हाताने चालतो आणि रायफल डाव्या हातात तोललेली असते. टोकं खाली, बूड वर, म्हणजे अंगठा आणि तर्जनी बुडावर पडतात आणि काडतूस वर येतानाच टोक पुढे करून येतं. नजर सावजावरून काढावी लागत नाही. सुट्या मॅगझिनचा पर्याय तिला नाहीच; अण्णांची रायफल जुन्या माउझर घडणीची, मॅगझिन पोटात, वरून भरायचं. आणि ते आठवतंय ना, ‘चेंबरमध्ये फेकू नका रे, मॅगझिनमध्ये दाबा’? त्या बोल्टचं लांब नख काडतूस खालून वर येताना बुडाच्या खाचेत धरतं. थेट चेंबरमध्ये टाकलेल्याच्या बुडावरून ते उडी मारेलच असं नाही, जोर केला तर नख मोडतं. तू एकदा फेकलंस तेव्हा अण्णा दिवसभर तुझ्याशी बोलले नव्हते. मनूकडून मी हे रिकाम्या खोट्या काडतुसांवर घोटून घेतोय. खोटी लाल रंगाची आहेत आणि ती रानात येणार नाहीत, हेही ठरवून टाकलंय.

मग किती न्यायची? ती म्हणाली, वीस. पूर्ण डबा. मी वजनाच्या काट्यावर ठेवून दाखवला, अर्धा किलो भरला. मॅगझिनमध्ये चार, चेंबर रिकामं, पाकिटात चार, आणि उरलेली पाठीवरच्या पिशवीत मूळ डब्यात, वर फडकं कोंबून, म्हणजे खुळखुळत नाहीत. दिवसभरात दोनदा चाप ओढला तरी खूप झालं, हे तिला अजून पटत नाही. पहिल्या हंगामात आपल्याला तरी कुठे पटलं होतं? तू तर आपण चढाईवर निघाल्यासारखा दोन डबे घेऊन आला होतास, आणि ते मी वाहिले.

आणखी एक: काडतुसं गाडीच्या काचेखाली ठेवायची तुझी सवय यंदा माझ्या गाडीत चालणार नाही. ऊन खाऊन तापलेल्या दारूचा दाब वाढतो, गोळीही नेहमीपेक्षा वर लागते. थंडीत उलट प्रकार, रात्री बाहेर गारठलेलं काडतूस उबेत आणलं की त्यावर दव धरतं. बाहेरची बाहेर राहू देत, पिशवीत.

तर आता तिघांचं असं: मनू पाकिटात, मी खिशात, तू, देवा, दस्त्यावर. कोणी कोणाला काडतूस उसनं द्यायचं नाही, मागायचंही नाही. संपली तर संपली, बसून राहायचं. रिकाम्या पुंगळ्या प्रत्येकाच्या डाव्या खिशात. निघताना मोजायची, परतल्यावर मोजायची, मग बूट काढायचे.

राहता राहिला पट्टा. मी तो लावणार नाही, मनूलाही लावू देणार नाही. मनूला मी सांगेन, ती पोरगी समजूतदार आहे, तिला तिन्ही काडतुसं त्या घरांत बसवून दाखवली की पुरे. काकूंना सांगणं माझ्याने होणार नाही. त्यांनी ‘कमरेला लावा’ असं लिहिलंय, आणि मी काय सांगू, तुमच्या नवऱ्याचा पट्टा पितळ खातो? माझा आवाज फोनवरच फाटेल. त्या तुझं ऐकतात. तुझ्या थापासुद्धा त्यांना आवडतात. तू जाऊन ये. कळकलेल्या काडतुसांचं मात्र बोलू नकोस. तो पट्टा भरलेला राहिला हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही, आणि येऊही नये. सरमिसळीचं सांग, तेवढं खरंच आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिंगीचं ठरलं का कुठे जायचं ते? गच्ची गळत होती ती थांबली का? वहिनींना नमस्कार. उत्तर दे, नाहीतर तुझा डबा मनूच्या खोट्या काडतुसांसारखा लाल रंगवून ठेवीन.

तुझा,
नाना

ता. क. विमानाने येणार असशील तर कंपनीला आधी कळव आणि काडतुसं मूळ डब्यात, चेक-इन सामानात घाल. माणशी ५ किलोची मर्यादा असते, आणि दोघांची एकत्र करता येत नाही, त्यामुळे सोबतच्या माणसाच्या नावावर तुझा दुसरा डबा चढवायचा विचार मनातून काढ. इथे आल्यावर .२४३ ची काडतुसं माझ्या टेबलावर नाही, तुझ्याच खोलीत ठेवायची.