संगणक कक्ष : मशीन सुरू न झाल्यास

सर्व सभासदांस,

पावसाळा लागला की ‘मशीन चालू होत नाही’ एवढाच निरोप ग्रुपवर येतो. त्यावरून काहीच कळत नाही. पॉवरचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. आधी दिवा बघा.

डेलच्या मशीनवर पॉवरचा दिवा आधी पिवळा, मग पांढरा लुकलुकतो. दोन्ही मोजा. २ पिवळे, ३ पांढरे म्हणजे रॅम (मशीनची तात्पुरती मेमरी) सापडत नाही. २ आणि ४ म्हणजे रॅम बिघडली. असेंबल केलेल्या मशीनच्या मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज वगैरे सुरू होणं) असे चार बारीक दिवे आहेत. जो पेटून राहील तिथे घोडं अडलंय. मोबाईलवर दिव्यांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकलात तर उत्तम.

रॅमचा संशय असेल तर वायर भिंतीतून काढा, बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मगच रॅमची पट्टी काढा. सोनेरी कडा साध्या खोडरबराने हलकेच पुसून एकेकच पट्टी लावून पाहा. डीडीआर५ची (नव्या पिढीच्या रॅमची) नवी पट्टी असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. घाबरून बंद करू नका.

पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी? ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र पाठवणारं वेगळं कार्ड) असेल तर मॉनिटरची केबल त्यालाच आहे ना, ते पाहा (बरेचदा मदरबोर्डला लावलेली असते!). मशीनचं घड्याळ सारखं मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बदलायचा. नवा सेल कपाटात आहे.

पॉवर सप्लायचा डबा मात्र कुणीही उघडायचा नाही.

– कक्ष व्यवस्थापक