मेबेरी: गाव कल्पित, राज्य खरे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या अमेरिकी विनोदी मालिकांविषयी आलेल्या लेखात ‘द अँडी ग्रिफिथ शो’मधील मेबेरी या गावाचे वर्णन साठच्या दशकातल्या निर्मळ अमेरिकेचा नमुना असे करण्यात आले आहे. या मालिकेवर माझे मनापासून प्रेम आहे आणि म्हणूनच या वर्णनाला हरकत घ्यावीशी वाटते. मेबेरी हे गाव नकाशावर कधीच नव्हते, हे लेखात आले आहे. मात्र ज्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ते वसवले गेले ते राज्य खरे होते, आणि त्या वर्षांत तिथे काय घडत होते याचा लेखात साधा उल्लेखही नाही.

सीबीएस वाहिनीवर 3 ऑक्टोबर 1960 रोजी सुरू झालेल्या या मालिकेचे 249 भाग झाले आणि ती थांबली तेव्हा लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर होती. हे यश जितके कलावंतांचे, तितकेच त्या गावाचेही होते. तिथला शेरीफ, म्हणजे पोलीस प्रमुख, अँडी टेलर सहसा पिस्तूल बाळगत नाही. त्याचा डेप्युटी बार्नी फाइफ बाळगतो, पण त्याला गोळी एकच मिळालेली आहे आणि तीही शर्टाच्या खिशात ठेवायची असते. ओटिस नावाचा गावातला दारुडा पिऊन आला की आपल्या पायांनी कोठडीत जाऊन झोपतो आणि सकाळी हाताला लागेल अशी टांगलेली किल्ली घेऊन, कुलूप उघडून घरी जातो. 1963 मधल्या एका भागात शार्लट शहराला निघालेल्या एका उद्योजकाची मोटार नेमकी रविवारी बंद पडते. गॅरेजवाला रविवारी काम करत नाही, आणि फोन करावा तर गावाची एकुलती एक लाइन दोन म्हाताऱ्या बहिणींनी अडवलेली असते. त्यांना एकमेकींकडे जाणे झेपत नाही, म्हणून रविवारी दुपारी त्यांनी पोटभर बोलून घ्यावे, हे सगळ्या गावाने मान्य केलेले असते. पाहुणा संतापतो, आरडाओरडा करतो. त्याला कोणीही उलट बोलत नाही, उलट घरी नेऊन जेवायला बसवतात. विनोदी मालिकेत इतक्या सावकाश, इतक्या मायेने लिहिलेला भाग मी क्वचितच पाहिला आहे.

मेबेरीत कायदा चालतो तो ओळखीवर. ओटिसला कोठडीची किल्ली हाताशी मिळते, कारण तो कोण आहे, त्याच्या घरी कोण आहे, तो उद्या काय करील, हे शेरीफला ठाऊक असते. अशा गावाचा चांगुलपणा खरा असला, तरी तो ज्याला गावाने आपला म्हटले आहे त्याच्यापुरताच असतो, आणि मेबेरीने कोणाला आपले म्हटले हे पडद्यावर स्पष्ट दिसते. 249 भागांपैकी केवळ एकाच भागात, तोही 1967 मध्ये, एका कृष्णवर्णीय पात्राला ठळक भूमिका मिळाली. रॉक्नी टार्किंग्टन यांनी साकारलेला हा फ्लिप कॉनरॉय व्यावसायिक अमेरिकी फुटबॉल खेळून गावी परतलेला असतो, मुलांना खेळ शिकवतो आणि पियानोही उत्तम वाजवतो. त्याच्याशी सारे गाव सहज बोलते आणि त्यानंतर तो पुन्हा कधीच दिसत नाही.

आता बाहेरच्या जगाच्या तारखा पाहाव्यात. 1 फेब्रुवारी 1960 रोजी याच राज्यातील ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानातल्या, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहार कक्षात बसले आणि वाढायला नकार मिळाल्यावरही दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 15 फेब्रुवारीला, विनोदी अभिनेते डॅनी थॉमस यांच्या कार्यक्रमातून मेबेरी प्रथम प्रेक्षकांसमोर आले. मालिकेचा शेवटचा नवा भाग 1 एप्रिल 1968 रोजी दाखवला गेला आणि 4 एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. या आठ वर्षांतला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीचा संघर्ष गावाच्या वेशीपर्यंतही पोहोचत नाही. विनोदी मालिकेने आंदोलने दाखवावीत असा माझा आग्रह नाही. पण अशा गावाला त्या काळाचा नमुना म्हटले की जे त्या काळी लढत होते त्यांना आपण दुसऱ्यांदा वगळतो.

मालिका करणाऱ्यांनी स्वतः असा दावा केला नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. चित्रीकरण साठच्या दशकातले असले तरी मालिकेला भाव तिसाच्या दशकाचा होता, असे शेरीफची भूमिका करणाऱ्या खुद्द अँडी ग्रिफिथ यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले होते. ते 1926 साली याच राज्यातील माउंट एअरी येथे जन्मले. म्हणजे तो त्यांच्या बालपणाचा काळ, लहान मुलाच्या नजरेला दिसला तेवढाच. आणि पडद्यावरचा तो रस्ता तरी कुठला? कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटीत, 1939 च्या ‘गॉन विथ द विंड’ या गाजलेल्या चित्रपटातील अटलांटा शहरासाठी उभारलेल्या इमारतींचाच वापर मेबेरीसाठी झाला. गुलामगिरीच्या काळातील दक्षिणेचे गोडवे गाणारा तो चित्रपट होता. त्याच भिंतींच्या आधाराने पुढे दक्षिणेतले दुसरे गोड गाव उभे राहावे, ही बाब मला नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. 1976 मध्ये ते सारे नेपथ्य पाडण्यात आले.

माउंट एअरी मात्र आजही आहे. कापड आणि मोजे तयार करणाऱ्या तिथल्या गिरण्या एकामागोमाग बंद पडत गेल्या आणि गाव मालिकेच्या आठवणीवर पर्यटक बोलावू लागले. 1990 पासून तिथे दर वर्षी मेबेरीच्या नावाने उत्सव भरतो, शेरीफच्या जुन्या पद्धतीच्या गाडीतून फेरी मारता येते, 2004 पासून अँडी आणि त्याचा मुलगा ओपी या बापलेकाचा पुतळाही उभा आहे. त्यात वावगे काही नाही, लोकांना पोट आहे. परंतु गिरणीत राबलेल्या त्या गावाचा स्वतःचा इतिहासही लिहिण्याजोगा आहे.

माझी विनंती एवढीच की, पुरवणीत या मालिकेवर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा ओटिसच्या किल्लीशेजारी फ्लिप कॉनरॉयच्या त्या एकमेव भागालाही जागा द्यावी आणि 1960 हे साल लिहिताना ग्रीन्सबरोचे नाव गाळू नये.

आपला नियमित वाचक