अभ्यासिकेतला कॉम्प्युटर आणि पोरांचे पेनड्राईव्ह

प्रिय सुन्या,

आधी एक काम कर. ॲडमिनचा पासवर्ड लिहिलेली ती चिठ्ठी मॉनिटरवरून काढ आणि पासवर्ड आजच बदल. पेनड्राईव्ह उघडत नाही म्हणून सगळ्या पोरांच्या हातात किल्ली देणं मला काही पटलं नाही.

अभ्यासिकेतल्या उबुंटूच्या (लिनक्सच्या) कॉम्प्युटरवर एकाचा पेनड्राईव्ह दुसऱ्याला उघडत नाही आणि काढताही येत नाही, असं तू सांगतोस. तो बिघाड नाहीच. एक पोरगा लॉगिन करतो, पेनड्राईव्ह लावतो आणि लॉगआऊट न करता चहाला जातो. उबुंटूत पेनड्राईव्ह उघडून द्यायचं काम यूडिस्क्स नावाची पडद्यामागची सेवा करते. ती 'मीडिया' फोल्डरमध्ये त्या पोराच्या नावाचं फोल्डर करून त्यात पेनड्राईव्ह जोडते, आणि ते फोल्डर इतरांना बंद असतं. मग 'स्विच यूजर' करून बसलेल्या दुसऱ्याला त्यातलं काही उघडत नाही. पेनड्राईव्ह काढायला गेला तर ॲडमिनचा पासवर्ड मागतात, कारण दुसऱ्याने जोडलेलं काढायची परवानगी पोलकिटने, म्हणजे कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या सेवेने, वेगळी ठेवली आहे. आणि बरोबरच आहे की! कुणाच्या पेनड्राईव्हवर आधार-पॅनचे स्कॅन असतात, कुणाचे घरचे फोटो. ते शेजारच्याला कशाला दिसायला हवेत?

तू पेनड्राईव्हवर ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) मारून पाहिलंस, काही झालं नाही. होणारच नव्हतं. पेनड्राईव्हवर सहसा असणाऱ्या फॅट३२ आणि एक्सफॅट या फाईल-मांडणीच्या पद्धतींमध्ये फाईल कुणाची हे लिहून ठेवायला जागाच नसते. मालक आणि परवानग्या ठरतात त्या जोडतानाच. ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत मालक लिहिलेला असतो, पण नावाने नाही, नंबराने. उबुंटूत पहिल्या यूजरचा नंबर सहसा १०००. म्हणजे एखाद्याने घरून ईएक्सटी४ डिस्क आणली, तर त्याच्या घरच्या १००० च्या फायली तुझ्याकडे तुझ्या नावावर दिसणार, कारण इथे १००० तू आहेस, आणि त्याचा इथला नंबर वेगळा म्हणून त्याला स्वतःला अडवणार. गंमत आहे खरी, पण त्याला ते पटवून देताना तुझ्या नाकी नऊ येतील.

चिठ्ठीवर मी एवढा का चिडलो तेही सांगतो. यूडिस्क्स पेनड्राईव्ह जोडताना 'नोसूइड' आणि 'नोडेव्ह' ही दोन बंधनं आपणहून लावते, म्हणजे पेनड्राईव्हवरची एखादी खास बनवलेली फाईल चालवून कुणी रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊ शकत नाही. ॲडमिन पासवर्ड घेऊन कुणी पेनड्राईव्ह हाताने माउंट केला (जोडला) की हे कुंपण गेलं.

आता उपाय. पोरांच्या पेनड्राईव्हना हात लावू नकोस, आहे तसंच राहू दे. विसरून गेलेले पेनड्राईव्ह काढायची परवानगी फक्त अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकांच्या खात्याला दे. पोलकिटच्या 'रूल्स डॉट डी' फोल्डरमध्ये चार ओळींची एक फाईल टाकली की झालं, काकांना ॲडमिन करायची गरज नाही.

जुन्या प्रश्नपत्रिकांची एक्सफॅट हार्डडिस्क मात्र सगळ्यांची आहे. ती एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत टाक, आणि यूयूआयडीने (डिस्कच्या स्वतःच्या कायम ओळख-क्रमांकाने) टाक, कारण मशीनने डिस्कला दिलेल्या 'एसडीबी' या नावाचं उद्या 'एसडीसी' होतं. मालक तू आणि गट काकांचा. फोल्डरच्या परवानग्यांसाठी 'डीमास्क' ००२ आणि फायलींसाठी 'एफमास्क' ११३ दिलंस की तुम्ही दोघं लिहिणार, पोरं नुसती वाचणार. 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) विसरू नकोस, नाहीतर डिस्क घरी राहिली त्या दिवशी मशीन दीड मिनिट वाट बघेल आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे नुसत्या दुरुस्तीच्या स्क्रीनवर, जाऊन बसेल. सकाळी सहाला काकांसमोर काळा स्क्रीन आला की फोन तुलाच येणार. त्या ओळीत 'यूजर' आणि 'यूजर्स' यांत गल्लत करू नकोस. पहिल्यात ज्याने जोडलं त्यालाच काढता येतं, दुसऱ्यात कुणालाही. या डिस्कला दोन्ही नकोत.

एफएसटॅबचा आणि डिस्कची यादी दाखवणाऱ्या 'एलएसबीएलके मायनस एफ' या कमांडचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठव, ओळी मी लिहून देतो. फोटो सरळ काढ, मागच्या वेळी अर्धा स्क्रीन ट्यूबलाईटने खाल्ला होता.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या