वाचा गेलेल्या माणसाला आधी त्याची भाषा विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही वाचा-उपचार करणाऱ्या; बेळगाव-खानापूर भागात लकवा मारलेल्या पेशंटच्या घरी तुमच्यासोबत जाणाऱ्या आम्हा परिचारिका आणि फिजिओंचे मनापासून आभार स्वीकारा.

तुमची पहिली भेट चौकशीने सुरू होते. घरात कुठली भाषा, शाळा कुठल्या माध्यमाची, बाजारात काय बोलायचे, मनातला हिशेब कशात, देवापुढे काय म्हणायचे. आपल्याकडे या पाच प्रश्नांना तीन भाषांत उत्तरं मिळतात. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसून वाचाघात झाला, म्हणजे बोलायची-समजायची भाषाच बिघडली, की सगळ्या भाषा सारख्या बिघडतात किंवा सारख्या सुधारतात असं नाही. कधी मराठीआधी दुकानातली कन्नड परत येते आणि घरचे "डोक्यावर परिणाम झाला" म्हणून हवालदिल होतात. तुम्ही म्हणता, जी येतेय ती येऊ दे, तिला अडवू नका.

हे तुम्हाला कळतं यात तुमच्या घरचाही वाटा आहे. खानापूरकडचं गाव, आजीची कोंकणी, मराठी शाळा, शेजारी कन्नड, मग म्हैसूरला तीन वर्षं शिक्षण आणि चौथं इंटर्नशिपचं. म्हणून 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च तुम्ही वेगवेगळे तपासता. कन्नड शब्दांच्या यादीवरून तो फरक हाती लागत नाही. चित्रांचे तयार संचही तुम्ही बाजूला ठेवता. पेशंटचा स्वतःचा पानाचा डबा, विळा, नातवाचा फोटो, कुंदा मिठाईचा खोका, हीच तुमची कार्डं.

चमचा समोर धरून शब्द सुचत नसेल तर तुमच्या पायऱ्या ठरलेल्या: आधी दहा सेकंद गप्प थांबायचं. मग "जेवताना लागतो". मग ढवळायची खूण. मग "चहात साखर ढवळायला हवा…". मग नुसता पहिला आवाज. सगळ्यात शेवटी पूर्ण शब्द, तो मागोमाग म्हणायला. घरचे नेमके शेवटच्या पायरीवरून सुरू करतात, आणि तेही ओरडून. कान तर शाबूत असतात! "काय हवंय?" असं मोघम विचारण्याऐवजी चहा आणि ताक दोन्ही समोर ठेवून विचारायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. पेशंट आरती अख्खी म्हणतो म्हणजे बोलणं परतलं, हा समज तुम्ही हळुवारपणे दूर करता. पाठ असलेलं आणि गायलेलं पुष्कळदा टिकून राहतं, पण पाणी मागायला लागणारा शब्द वेगळा कमवावा लागतो.

झटक्याने काहींचं गिळणंही बिघडतं. त्याबाबत मात्र तुम्ही कडक आहात, आणि ते योग्यच आहे. ताठ बसवल्याशिवाय घोटही नाही, डोकं मागे टाकायचं नाही, छोट्या चमच्याने एकेक घास, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पाणी पटकन श्वासनलिकेत उतरतं, म्हणून काहींना तपासून पेजेसारखं दाट द्यायला सांगता. ठसका आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. घोटानंतर आवाज ओला, घरघरता झाला की थांबायचं. कफ वाढला किंवा ताप आला तर लगेच कळवायचं. न्युमोनिया इथूनच होतो.

तुम्ही वहीच्या पानावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून दिलेल्या या सूचना आम्ही आता प्रत्येक नव्या घरी पलंगाशेजारच्या भिंतीवर लावतो.

तुमच्या,
घरोघरी फिरणाऱ्या सहकारी