आयुकातल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. ‘नुसतं ताई म्हणा’ म्हणालात, म्हणून तसंच लिहितो.

पुण्याच्या आयुकात, तुमच्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका नावाजलेल्या संस्थेत गेलो होतो. रीतसर परवानगी असूनही सेलू तालुक्यातली आमची लेकरं भर उन्हात फाटकाबाहेर ताटकळत उभी. आत घेतलं ते एका बंद खोलीत चित्रफीत दाखवून वाटेला लावायला. ‘खेड्यातली पोरं, यांना काय कळणार,’ असं एक साहेब लेकरांच्या देखत बोलले. आठवलं की अजून जीव जळतो.

तुमच्याकडं आल्यावर लेकरांची मान वर झाली. काळ्या दगडाच्या भिंती, मोकळं आभाळ आणि वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी मधोमध रचलेलं ते खाली उतरत जाणारं कुंड! आमचा सातवीतला एकजण ओरडला, ‘सर, ही तर बारवच की!’ बाकीचे हसले. तुम्ही मात्र त्याच्याशेजारी खाली बसलात आणि विचारलंत, ‘कुठली रे बारव?’ तो वालूरच्या बारवेबद्दल सांगू लागला, गोल गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांबद्दल. तुम्ही स्वतःची वही त्याच्यापुढं धरलीत. त्यानं चित्र काढलं. ‘पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?’ तुम्ही विचारलंत आणि त्यानं सांगितलेलं चित्राखाली लिहून घेतलंत.

ताई, आमच्या लेकराचं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

मग म्हणालात, ‘तुमच्याकडचा काळा दगड आणि इथला, दोन्ही एकाच जातीचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे.’ तो किती तरी वेळ भिंतीवरून हात फिरवत होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा फुकोचा लंबकही तुम्ही असाच निवांत दाखवलात. पुण्यात त्याच्या झोक्याची दिशा पूर्ण फिरायला 75 तास लागतात म्हटल्यावर पोरं तिथंच मुक्काम करायला तयार! नारळीकर सरांनी उभी केलेली ही संस्था दगडामातीनं देखणी आहेच, पण इतक्या शिकलेल्या माणसानं इतकं साधं असावं, हे लेकरांनी पहिल्यांदा पाहिलं.

आता आमच्या शेजारी, औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होतंय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. तुमच्या संस्थेचाही त्यात वाटा आहे. तिथंही असं एखादं अंगण असू द्या, आणि आमच्या पोरांना त्यात बसायची मुभा. एवढं तिथल्या मंडळींच्या कानावर घाला.

कामानिमित्त इकडं आलात तर वालूरला नक्की या. बारव दाखवायला तो तयारच आहे. उन्हाळ्यात येणार असाल तर सकाळी लवकर निघा, दहानंतर पायऱ्यांवर पाय ठेववत नाही.

आपला,
जिल्हा परिषद शाळेतला एक शिक्षक,
ता. सेलू, जि. परभणी