पडलेल्या वाड्यांचे पत्ते सांगणाऱ्या पोस्टमनकाकांना

आदरणीय पोस्टमनकाका,
सादर नमस्कार.

जाहीर आभार वगैरे तुम्हाला पटणार नाही, हे माहीत आहे. पण पेठेतल्या लोकांनी लिहायचं ठरवलं आणि काम माझ्यावर ढकललं. तेव्हा रागवायचं झालं तर सगळ्यांवर रागवा.

पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराच्या आठवणी गोळा करायच्या म्हणून आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या, तेव्हा लोक भरभरून बोलले. 12 जुलै 1961, बुधवार. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण थोपवून धरलं, म्हणून पाणी अंधारात न येता दिवसाउजेडी आलं. मग खालचं खडकवासला धरणही फुटलं, लकडी पूल पाण्याखाली गेला, ओंकारेश्वर बुडाला. हे सगळं खरंच. पण थोड्याच दिवसांत सगळ्यांचे किस्से एका साच्यातले वाटू लागले. ज्याच्या त्याच्या गोष्टीत पाट आणि पिंपं तरंगत होती, जो तो पर्वतीकडे पळत होता. जे पुरानंतर जन्मले तेसुद्धा पळत होते!

अशा एका संध्याकाळी तुम्ही मागच्या खुर्चीवरून म्हणालात, "मी पाणी पाहिलेलं नाही. मी रजेवर गावी होतो." इतक्या दिवसांत असं म्हणणारे तुम्ही पहिलेच. पुढे म्हणालात, "परत आलो तेव्हा हातात टपाल होतं आणि पत्त्यावर घर नव्हतं."

तिथून आमच्या कामाला खरा जीव आला. तुम्ही लांबुडकी चोपडी आणलीत आणि नदीच्या अंगाने तुमची बीट, म्हणजे टपाल वाटायची ठरलेली फेरी, जशी चालायची तशी दारं लिहायला घेतलीत. दिंडी दरवाज्याचा वाडा, ओट्यावर शिंप्याचं मशीन, चौकात हौद, माडीवर दोन बिऱ्हाडं, त्यातलं एक मनीऑर्डरीवर चालणारं. दगडी जोतं टिकलं, पण वरच्या मातीच्या भिंती भिजून बसल्या. काही वाडे पाण्यात उभे राहिले आणि पाणी ओसरल्यावर कोसळले, हे तुम्ही घराघरानिशी सांगितलंत. धान्याला मोड येऊन कुजल्याचा वास कुठल्या बोळात सगळ्यात जास्त दिवस राहिला, तेही.

आणि मग ती पत्रं. नातेवाइकांनी घाबऱ्या घाबऱ्या टाकलेली कार्डं: सुखरूप आहात का, उलटटपाली कळवा. तुम्ही ती घेऊन शाळांमध्ये, मंगल कार्यालयांमध्ये पूरग्रस्तांच्या सतरंज्यांमधून नावं पुकारत फिरलात. पुढे गोखलेनगरच्या त्या अर्धगोल पत्र्याच्या निसन हटांपर्यंत गेलात, ते तुमच्या बीटमध्ये बसत नसताना. कोण लोकमान्यनगरला गेलं, कोण सहकारनगरला, हे तुम्हाला टपालामुळे कळत गेलं. पांगलेल्या पेठेचा ठावठिकाणा सांगू शकणारा माणूस आम्हाला सापडला तो असा.

तुमच्या चोपडीने गोष्टी बदलल्या, हे मुद्दाम नोंदवते. आपल्या घराची जागा कागदावर दिसली की माणूस पुराचं बोलायचं सोडून घराचं बोलायला लागतो. एक आजी इतके दिवस नुसत्या ऐकत बसायच्या. तुम्ही त्यांच्या जिन्याखालच्या खोलीवर बोट ठेवलंत, तशा त्या बोलत्या झाल्या. खडकवासला रिकामं झाल्यावर नळ कोरडे पडले, तेव्हा पेशवाईतल्या कात्रजच्या पाण्याच्या हौदावर कळशी घेऊन उभं राहिल्याचं, सासूशी बोलणं टाकलेल्या जावेने रांगेत आपल्याला पुढे घेतल्याचं त्यांनी सांगितलं. पूर आला नसता तर ती जाऊ बोलली नसती, असं त्यांचं मत. आमच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत मला हे सर्वात मोलाचं वाटतं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. "पाहिलंत का ऐकलंत?" हा तुमचा प्रश्न. सुरुवातीला दोघेतिघे दुखावले, एकजण तर उठून गेले. पण आता आम्ही प्रत्येक आठवणीपुढे तसा शेरा लिहितो. ऐकीव म्हणून काही टाकून दिलेलं नाही. पाणी पुन्हा येतंय या अफवेने लोक कसे धावले, हे ऐकीव म्हणूनच जास्त रंगतदार आहे. पण दोन्हींची सरमिसळ झाली असती तर पुढे कुणी आमच्या कामावर विश्वास ठेवला नसता, आणि का ठेवावा?

चोपडीची झेरॉक्स झाली. मूळ प्रत नातवाच्या हाती पाठवली आहे, कव्हर घालून. तुमच्या त्या चोपडीत नदीकडच्या बोळातल्या तिसऱ्या दारापुढे प्रश्नचिन्ह आहे. तिथे राहणारं बिऱ्हाड सहकारनगरला गेल्याचं एकाने सांगितलंय, पण ते ऐकीव आहे. रविवारी दहाच्या सुमारास रिक्षा पाठवते. चहा आमच्याकडे, बिनसाखरेचा.

आपली,
पेठेतल्या सगळ्यांच्या वतीने