डॉक्टरताई, टोपलीच्या गोळ्या सुरू आहेत

डॉक्टरताई,

आमची आई तुम्हाला आठवते की नाही, माहीत नाही. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात रोज जत्रेसारखी माणसं असतात. हिरवं लुगडं, वाकडी झालेली बोटं, तोंडाला पदर लावून भिंतीशी बसलेली. वय 72.

आमवातासाठी अकरा वर्षं ती मेथोट्रेक्सेट घेते, आठवड्यातून एकदा 15 मिलिग्रॅम. दिवाळीनंतर तोंडभर फोड आले. भाकरी सोडाच, वरणाचं पाणीही उतरेना. तालुक्याला तीनदा नेलं. तिन्ही वेळा नाडीला हात न लावता एकच ऐकलं, "वय झालं, चालायचंच." वर दुखण्याच्या गोळ्या. तो कागद दिसला की आजही डोकं भणभणतं. वय झालेल्या माणसाला तपासायचं नसतं का?

दुखण्याचं कारण तुम्हीही वयच सांगितलंत, पण आधी बॅटरी लावून तिचं तोंड बघितलंत. "इस्तू ठेवल्यावानी व्हतंय, माय," ती म्हणाली, तेव्हा तिचा हात हातात धरून ऐकलंत. मग मला समजावलंत. किडनीचं काम जोखायला बघतात ते, मांसातून रक्तात येणारं क्रिएटिनिन 0.9, कागदावर नॉर्मल. पण 42 किलोच्या बाईच्या अंगावर मांसच नाही, तर ते वाढणार कुठून? वय आणि वजन धरून हिशोब केला तर किडनीचं काम 37 वर, म्हणजे बरंच खाली आलेलं. साठीत सोसलेला डोस आता बाहेर न पडता अंगात साचत होता, आणि दुखण्याच्या गोळ्यांनी किडनीला आणखी दाबलं होतं. जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी 2800 वर घसरलेल्या. "म्हातारपणी, त्यात ही औषधं, जंतुसंसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही. जेवण तुटलं, गुंगी वाटली तरी निघून या," हे तुमचं वाक्य मी घरात सगळ्यांना पाठ करायला लावलंय.

पेशी सावरल्यावर डोस निम्मा केलात, दुखण्याच्या गोळ्या बंद. ते तर झालंच. पण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही ते वेगळंच. आईला अक्षरओळख नाही. तुम्ही खाली वाकून विचारलंत, "आजी, गावचा बाजार कोणत्या वारी?" "मंगळवारी." मग मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर पेनानं भाजीची टोपली काढलीत. "बाजाराच्या दिवशी तीन गोळ्या. एरवी या पाकिटाला हात लावायचा नाही." बाहेर रांग खोळंबली होती, तरी टोपलीला कडीसुद्धा काढलीत.

अकरा वर्षांत आईला औषध तिच्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही पोरांनीही नाही. डिग्र्या पुष्कळांकडे असतात, ताई, पण समोरच्या म्हाताऱ्या बाईला माणूस समजणारी माणसं भेटायला नशीब लागतं.

आता मंगळवारी मी पिशवी उचलली की आई हाक मारते, "थांब, आधी टोपलीच्या गोळ्या दे." दर महिन्याला रक्त तपासतो. गेल्या बाजाराला तिनं हिरव्या मिरच्या आणायला सांगितल्या. ठेच्यासोबत अख्खी भाकरी खाल्ली.

तुमचा,
आजींचा थोरला